लाकडाचं सुतक

१० एप्रिल १९६७, सोमवार

पाडवा. आमच्याकडे गुढी नाही. सलग दुसऱ्या वर्षी नाही. गेल्या वर्षी सासूबाईंचं, यंदा ह्यांचं.

समोरच्या भिकुबाईने गुढी उभारली आणि माझ्या ओट्याकडे असं बघितलं, जणू मी चोरून एखादी उभारणार आहे! सासऱ्यांना, आबांना, चहा दिला. कडुलिंबाची दोन पानं तोंडात टाकली. झाला सण.

सकाळचं ऊन ओट्याच्या खांबांवर आलं तेव्हा नीट बघितलं. हे सागवान आहे असं कुणाला सांगितलं तर हसेल. राखेसारखं झालंय. हात फिरवला तर केसाळ लागतं, बोटांना भुसा येतो. उभ्या भेगा पडल्यात, त्यात मुंग्यांची ये-जा. हे असते तर पाडव्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला पातेलं चुलीवर चढलं असतं. अळशीचं तेल तापवायचं, उतरवून त्यात टर्पेंटाईन, मग फडक्याने एकेक खांब. "चला, पोरांना न्हाऊ घालू," म्हणायचे. मूलबाळ नाही, तर खांबच पोरं! मी नाकाला पदर लावून आत जायची.

१६ एप्रिल, रविवार

आबांना घेऊन ओट्यावर बसले. मोतीबिंदूने डोळे गेले, पण हात शाबूत आहेत. सबंध देवपुरात सुतारकाम केलेला माणूस. हे घर त्यांनीच उभं केलं. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर मातीचं सपाट छत, धाबं, पुढे ओटा. ओट्यावर चार खांब, खांबांवर आडवी तुळई, आणि तुळईवर धाब्याचा पुढचा सगळा भार. तुळईची दोन्ही तोंडं भिंतीबाहेर निघतात. पाऊस आधी त्यांनाच झोडपतो.

आबांनी काठीने ठोकत ठोकत सगळं तपासलं. कान लावून. डॉक्टर छातीला लावतो तसा.

"हाऊ जित्ता शे," एकाला म्हणाले. "हाऊ बी जित्ता शे." मग उजवीकडच्या तुळईच्या तोंडाशी थांबले. नखाने टोकरलं. "हाई मऊ व्हई ऱ्हायनी. औंदा तेल भेटनं ते वाची. नही ते पानी आत जाई, मंग काही खरं नही."

मी लगेच म्हटलं, मग लावू ना? शाळेच्या परीक्षा संपल्या की लावते.

आबांनी काठी खाली ठेवली. म्हणाले, "पह्यले वरीस व्हऊ दे."

वर्ष होऊ दे! घरात माणूस गेलं की वर्षभर घराला रंग नाही, तेल नाही, चुना नाही. सुतक म्हणे दहा दिवसांचं, पण लाकडाचं वर्षाचं! गेल्या उन्हाळ्यात ह्यांनी तेल आणून ठेवलं होतं. तेव्हाही आबांनीच अडवलं, "तुन्ही माय जाईसन वरीस नही व्हयनं." बापाचा शब्द. हे थांबले. पंधरवड्यात हेच तापाने गेले आणि तो डबा तेराव्याच्या गर्दीत कुणीतरी उचलून नेला.

म्हणजे एक पावसाळा लाकडाने तेलाविनाच काढला. आता दुसरा येतोय.

२२ एप्रिल, शनिवार

चौथीचे पेपर तपासतेय. मान मोडून आली. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांचाही एक गठ्ठा माझ्याकडे सरकवला, "तुम्हाला काय, घरी कोण आहे!" आबा काय मग, पाटावरचा गणपती?

२९ एप्रिल, शनिवार

पुलावरून पलीकडे गेले, आग्रा रोडला जवरीलालच्या दुकानात. अळशीचं तेल मागितलं. त्याने माप हातात घेतलं आणि थांबला.

"बाई, आज शनिवार. शनिवारी तेल?"

"खायचं नाही, लावायचं आहे."

"लावायचं? कशाला?"

"खांबांना."

तर म्हणतो, "गिरधरभाऊचं वर्ष झालं?"

ह्यांचं नाव, ह्यांचं वर्ष, माझं घर, आणि हिशेब जवरीलालकडे! मी म्हटलं, भाऊ, तुम्ही डबा भरा. भरला बिचाऱ्याने. वाईट माणूस नाही. टर्पेंटाईनची बाटली कागदात गुंडाळून दिली आणि म्हणाला, लपवून न्या. मी पिशवीत वर गिलकी ठेवली, खाली डबा. पांझरा नदीत पाण्याचा टिपूस नाही. पुलावरचा वारा असा की भाजून काढतो. मधे दोनदा पिशवी खाली ठेवली. नवऱ्याच्या घराला तेल लावायचं तर गिलक्यांखाली लपवून न्यायचं. काय जमाना!

५ मे, शुक्रवार

आज केलं. एकच खांब, तोही फक्त भिंतीकडची बाजू. तिथे कुणाची नजर जात नाही.

दुपारी गल्ली झोपली तेव्हा तेल चुलीवर ठेवलं. पण वासाला कुठे लपवणार? दहा मिनिटांत भिकुबाई दारात.

"काय तळी ऱ्हायनी व बाई? बठ्ठी गल्लीमा वास!"

म्हटलं, आबांच्या गुडघ्यांना तेल करतेय.

"आबाना गुडघा का धाबाना?" म्हणाली आणि फिदीफिदी हसत गेली. सटवी! पण हुशार आहे.

लाकडाने तेल असं ओढून घेतलं की फडकं कोरडं. मी पुन्हा लावलं, पुन्हा कोरडं. तिसऱ्या वेळेला खालून तो जुना रंग वर आला. तांबूस. ह्यांच्या हाताखाली यायचा तसाच. तिथेच भिंतीला टेकून बसले थोडा वेळ. रडले. सांगायला कोण आहे, म्हणून इथे लिहिते.

६ मे, शनिवार

सकाळी आबा ओट्यावर गेले. त्या खांबाच्या मागे हात घातला. वर-खाली फिरवला. बोटं नाकाशी नेली. मग चहा मागितला, दोनदा.

१३ मे, शनिवार

काल अक्षय्य तृतीया, आखाजी. गल्लीत पोरी माहेरी आलेल्या, लिंबाला झोका, दिवसभर गाणी. आमच्याकडे पितरांची घागर भरली, आमरस नुसता नैवेद्यापुरता. जळगावहून अभिमनभाऊ आले होते. माझे धाकटे दीर, तिथेच मेहरूणला राहतात. आखाजीला बापाला भेटायला येतात, चुकत नाहीत, हे मान्य करायला हवं.

जेवून ओट्यावर पान खात बसले, खांबाला भिंतीकडच्या बाजूने पाठ टेकली. सदऱ्याला मागे तेलाचा डाग! उठून वास घेतला. मग जे सुरू झालं!

"वहिनी, दादाचं वर्ष झालं नाही. आणि तुम्ही घर चकचकीत करता?"

मी म्हटलं, चकचकीत नाही, लाकूड वाचवतेय. मागच्या बाजूलाच लावलंय.

"मागची काय आणि पुढची काय! लोक काय म्हणतील? नवरा गेला तर बाईला घर सजवायचं सुचतंय. आमच्या तोंडात शेण घालतील लोक."

आमच्या तोंडात. माझ्या तोंडाचं काय ते कुणी विचारत नाही.

मी तुळईचं दाखवलं. हा पावसाळा असाच गेला तर ती बसेल, म्हटलं. तर हात झटकून म्हणाले, "बसू द्या ना. मी कधीचा सांगतोय, आबांना घेऊन मेहरूणला चला. एक खोली देतो. नाहीतरी तुम्ही एकट्या इथे काय करणार?"

आत्ता कळलं! बसू द्या. घर बसलं की वहिनी आपोआप येते. भाऊ दुष्ट नाहीत, त्यांना खरंच वाटतं की हे माझ्या भल्याचं आहे. पण मी त्यांच्या घरी कोण? सकाळी पोळ्या लाटणारी, दुपारी पोरं सांभाळणारी, संध्याकाळी पाहुण्यांसमोर न येणारी. शाळा सुटणार ती वेगळीच. इथे निदान माझ्या दाराची कडी मी लावते.

आबा सगळं ऐकत होते. मला वाटलं बोलतील. काठी चाचपत आत गेले. जाताना भाऊ तेलाचा डबा माळ्यावर ठेवून गेले. "वर्ष झाल्यावर काढा."

१८ मे, गुरुवार

उन्हाने डोकं धरलंय. काही करावंसं वाटत नाही. भांडी तशीच.

२५ मे, गुरुवार

इंग्रजी तारखेने आज वर्ष झालं. ह्यांचा फोटो पुसला.

पण तिथीने नाही! ज्येष्ठ शुद्ध पंचमी. गेल्या वर्षी मधे धोंड्याचा महिना आला, म्हणून ह्यांचं वर्ष तेरा महिन्यांचं. पंचमी येतेय थेट तेरा जूनला. पावसाच्या तोंडावर! पंचांग करणाऱ्याने काय लाकडाला विचारलं होतं?

आबांना म्हटलं, तारखेने झालं ना वर्ष? तर म्हणाले, "तारीख सरकारनी. तिथी आपली."

२८ मे, रविवार

परवापासून आबांना धाप लागते. आज डॉक्टर येऊन गेले. हृदय थकलंय म्हणाले. सुई दिली, मीठ बंद. वय किती, विचारलं. आबा म्हणाले, दादाभाईंच्या गढीचं दार बसवलं तेव्हा मी अठराचा. डॉक्टरांनी अंदाजाने पंच्याहत्तर लिहिलं.

३ जून, शनिवार

आज आबांनी जे काढलं ते ऐकून मी हबकले.

मी त्यांची पाठ चोळत होते. मधेच म्हणाले, "बाई, तेल काढ माळावरथून. आजच लाव."

म्हटलं, आबा, तुम्हीच ना म्हणत होता वर्ष होऊ दे?

"मी मरी गऊ ते आखो एक वरीस. ते ध्यानमा उनं का तुले?"

हात तिथेच थांबला. नव्हतं आलं ध्यानात. खरंच नव्हतं! ह्यांची पंचमी झाली आणि आबा आठ दिवसांनी गेले, तर पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा वर्षभर तेल नाही. पुढचाही उन्हाळा कोरडा. मग तुळई कसली, घरच राहत नाही.

म्हटलं, काहीतरी बोलू नका. तर चिडले. "आयुष्यभर लाकूड देखं. कधी मोडी ते माले समजस. मन्हं बी समजस."

मी नाही काढलं तेल. दहा दिवसांवर पंचमी आली. आता ओट्यावर उघड उघड फडकं घेऊन उभी राहिले तर आबांना कुणी काही बोलणार नाही. शाळेत, गल्लीत, मेहरूणला, सगळीकडे नाव माझंच निघेल. तसं म्हटलं मी त्यांना. म्हणाले, "लोके काय तुन्हा घरमा ऱ्हातस का?"

मग हा शहाणपणा गेल्या वर्षी कुठे होता, आबा? तुमच्या मुलाने डबा आणला होता तेव्हा? ओठांवर आलं होतं. गिळलं. धाप लागलेल्या माणसाशी काय भांडायचं!

८ जून, गुरुवार

लळिंगच्या किल्ल्याच्या बाजूला ढग. गडगडलं, पडलं नाही. जीव वर-खाली.

१३ जून, मंगळवार

वर्षश्राद्ध झालं. झालं एकदाचं!

पण आज काय झालं ते लिहूनच ठेवते. सकाळी मी आत पिंडांचा भात शिजवत होते. बाहेर पाण्याचा आवाज. वाटलं ओटा धुताहेत, धुवू देत. बाहेर येऊन बघते तर अभिमनभाऊंची बायको, तिची बहीण, भिकुबाई, तिघी मिळून बादल्यांनी खांब धुताहेत! वरून खालपर्यंत. गोमूत्र घातलेलं पाणी, कुंच्याने घासून घासून. तुळईवरसुद्धा पाणी फेकलं, खाली धारा लागलेल्या.

"वर्ष उतरवायचं तर घर नखशिखांत धुतलं पाहिजे ना, वहिनी," जाऊबाई म्हणाली. किती मनापासून! पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले.

दोन महिने उन्हाने भाजून निघालेलं लाकूड. खडखडीत. उद्या तेल लावणार होते. आणि आज त्याला पोटभर पाणी पाजलं! ओल्या लाकडावर तेल लावलं तर आतलं पाणी आतच कोंडतं, मग लाकूड पोटातून कुजतं. हे दरवर्षी सांगायचे. आता ते सुकेपर्यंत हात लावता येणार नाही.

ब्राह्मण पाटावर बसलेले. मी आत गेले आणि भात ढवळला.

१४ जून, बुधवार

पाहुणे गेले. भाऊंनी स्वतःच्या हाताने डबा माळ्यावरून काढून दिला. "आता लावा वहिनी, काय लावायचं ते." वरातीमागून घोडं! आबांना मेहरूणला नेण्याचंही म्हणाले. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

खांब ओले आहेत. बोट लावलं की गार लागतं.

१६ जून, शुक्रवार

शाळा सुरू. पहिलीत नवी पोरं, नुसता रडण्याचा गोंधळ. घरी आले तर दुपारी चार थेंब पडून गेलेले. फार नाही, धूळ बसेल एवढेच. पण ऊन नाही. सगळ्या गल्लीला ढग बघून आनंद झालाय, पेरण्या होतील म्हणून. त्यांचं बरोबर आहे. मीच एक अवलक्षणी, आभाळाला म्हणतेय, जरा थांब!

आबांनी आज फक्त दोन घास भात घेतला. पाय सुजलेत.

१८ जून, रविवार

ऊन! सकाळपासून कडक. दुपारपर्यंत खांब हाताला कोरडे लागले.

आबांची खाट दाराशी ओढून घेतली. तिथून ते सांगत होते, मी करत होते. आधी फुटक्या काचेने खरवडायचं, केसाळ पांढरं सगळं काढायचं. हात कापला, चालायचंच. मग कोमट तेल. गल्ली बघत होती. बघू दे! वर्ष झालंय. भिकुबाई स्वतः येऊन स्टूल धरून उभी राहिली. तोंड चालूच होतं, पण स्टूल हलू दिलं नाही. कुणाला काय म्हणावं!

"तोंडले जास्त पाज," आबा म्हणाले, "लाकूड तोंडघाईच पानी पेस." म्हणून आधी उजवीकडचं मऊ पडलेलं तोंड घेतलं. खरवडलं, खालचं अजून घट्ट होतं. आबांना तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. तेल पाजत राहिले, पाजत राहिले. एक खांब पूर्ण झाला, दुसरा अर्धा. तेलाच्या चिंध्या दोरीवर पसरल्या. गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात.

एक गोष्ट लिहायची लाज वाटते. काम करताना दर थोड्या वेळाने मी मागे वळून आबांच्या छातीकडे बघत होते. हलते ना? हलली की पुन्हा फडकं. आधी वाटलं, काळजीने बघतेय. मग लक्षात आलं, मी मोजतेय. म्हाताऱ्याचा श्वास किती आणि खांब किती उरले. मी! जो माणूस मला कधी एक वाकडा शब्द बोलला नाही, त्याच्याबद्दल! फडकं टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांना कळलं असावं. म्हणाले, "बठू नको. तुन्हं काम कर."

१९ जून, सोमवार

रजा टाकली. मुख्याध्यापिकाबाई कुरकुरल्या. सासरे आजारी आहेत म्हटलं, खोटं नव्हतं.

दुसरा खांब झाला. तिसरा झाला. तुळईचा मधला भाग झाला, मान वर करून करून डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टर येऊन गेले. बाहेर बोलावून हळूच म्हणाले, मुलाला कळवा.

तार करायला म्हणून पायात चपला घातल्या. आबांनी खाटेवरून विचारलं, कोठे चालनी? सांगितलं.

"अभिमनले नको बलावू. तो उना का काम बंद. परवा कळव."

परवा! मुलाला बापाच्या शेवटच्या वेळी बोलवायचं नाही, कशासाठी, तर एका खांबासाठी? मी म्हटलं, आबा, हे पाप मला लागेल. म्हणाले, "मन्हावर टाक. गिरधरले मी अडावं." मग बराच वेळ धाप. मग पुन्हा, "त्याले मी अडावं."

चपला काढल्या. तार केली नाही.

२० जून, मंगळवार

सकाळी पाऊस. तासभर. चौथा खांब एका बाजूने भिजला. बाकीच्या तिघांवरून पाणी मोत्यांसारखं घरंगळत गेलं. आबांचा हात धरून त्यांना खांबाशी नेता आलं नाही, म्हणून एक कोरडी चिंधी तेल लावलेल्या खांबावरून फिरवून, ओली झालेली त्यांच्या हातात दिली. म्हटलं, पाणी आत गेलं नाही, आबा, वरचं वरच राहिलं. त्यांनी मान हलवली.

दुपारी ऊन पडलं. चौथा सुकतोय. डावीकडचं तुळईचं तोंडही राहिलंय. उद्या सकाळी तेवढं झालं की तार करणार.

आबा बोलत नाहीत. पाणी चमच्याने.

२१ जून, बुधवार

आबा गेले. पहाटे कधीतरी. मी उठून पाणी द्यायला गेले तर हात गार.

कुणाला सांगितलेलं नाही. डोळे मिटवले, तोंडात गंगा घातली, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. दार अर्धं लोटून ओट्यावर आले. चौथा खांब कोरडा आहे. भिकुबाईने समोरून विचारलं, आबा कसा शेतस? म्हटलं, झोपलेत.

तेल तापतंय, तेवढ्यात हे लिहिते. आधी खांब करते, मग तुळईचं तोंड. मग रडते.